ग्रुप का सोडलास?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, मुंजीत, परवा तर दवाखान्याच्या रांगेतही तेच: “व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो का नसतो? घरचा ग्रुप का सोडलास? कुणावर रागावलीस का?” नाही हो, कुणावरही नाही.

मावशीचा मेसेज आला होता. “अगं, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या फोनवर गेलाय, पाठव ना पटकन.” मी कुकर लावत होते. ओल्या हातानेच कोड पाठवला. कोड माझ्याच खात्याचा होता आणि मेसेज मावशीचा नव्हता. तिचं खातं सकाळीच गेलं होतं. तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी माझ्याच व्हॉट्सअ‍ॅपमधून बाहेर. खात्याबरोबर ग्रुपही चोराच्या हाती जातात, सगळ्यांच्या नंबरांसकट. पैठणीतल्या माझ्या फोटोखालून त्याने एकेकाकडे पैसे मागितले.

मला कळलं ते काकांच्या फोनवरून. “बाळ, पोहोचले का गं वीस हजार? दवाखान्यात कोण आहे?” काका पेन्शनवर राहतात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. नंबर पुन्हा नोंदवून चोराला बाहेर काढलं, पण त्याने टू-स्टेप पिन, म्हणजे कोडनंतर मागितला जाणारा दुसरा आकडा, लावून ठेवलेला. मला आत जायला ७ दिवस थांबावं लागलं. पैसे घेऊन काकांकडे गेले. त्यांनी घेतले नाहीत. पाकीट चहाच्या ट्रेखाली ठेवून आले, तर दुसऱ्या दिवशी परत. “तू मागितलेस म्हणून दिले,” एवढंच म्हणाले. मी मागितलेच नव्हते, काका.

भाचा म्हणतो, सगळं एन्क्रिप्टेड असतं की! असतं, २०१६ पासून. वाटेत कुणी वाचू शकत नाही. पण माझ्या नावाने पलीकडे कोण बसलंय, ते त्यातून कळत नाही. टू-स्टेप पिन मी आधीच लावला असता तर नुसत्या कोडवर तो आत आला नसता. दोन मिनिटांचं काम. तेव्हा मी म्हणायचे, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? आजही काही नाही. पण माझ्या नावावर एक म्हातारा माणूस उलट प्रश्न न करता पेन्शन काढून देतो, हे कधी मनातच आलं नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो हटवून काही होत नाही, कबूल. तोच पैठणीतला फोटो बहिणीच्या फेसबुकवर आहे. ग्रुपवर नसल्याने मावसभावाच्या मुलीचं बारसं मला दोन दिवसांनी कळलं, फार वाईट वाटलं. तरी परत येववत नाही. माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर आधी मला फोन करा, एवढं ऐका.

काकांना आता मी फोनच करते. उचलल्यावर ते आधी विचारतात, “तूच ना गं?”