तुम्ही विचारलंत म्हणून: डिप्लोमावाला फॅक्टरी मॅनेजर कसा होतो?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत नोकरी करणारी पोरं, नात्यातले भाचे-पुतणे, कॉलनीतले नवे इंजिनीअर, सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, डिप्लोमावाला फॅक्टरी मॅनेजर होऊ शकते का? का एमबीए करावंच लागते?"

होऊ शकतो. मी झालो. पण ट्रेनी, शिफ्ट इंजिनीअर, प्रॉडक्शन इनचार्ज, मग मॅनेजर अशी जी शिडी पोरांच्या डोक्यात असते, तिच्यावरून सरळ चढत गेलेले मी फार थोडे पाहिले. प्रॉडक्शनमध्ये चांगलं काम करणाऱ्याला वरचे लोक तिथून हलूच देत नाहीत. त्याला हलवलं तर महिन्याचा आकडा कोण काढणार? मला वर जाता आलं ते मधेच बाजूला गेल्यामुळे. नेमकं सांगायचं तर स्टोअरमध्ये.

ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी शिफ्ट सांभाळायचो. स्टोअरचा माणूस सोडून गेला आणि मला तिकडे पाठवलं. "काऊन बे, कोणाशी भांडला का?" मित्रांनी विचारलं. स्टोअर म्हणजे शिक्षा, ही समजूत तेव्हाही होती, आजही आहे. प्रॉडक्शनवाल्याला स्टोअर फक्त खिडकीतून दिसतं. माल द्या म्हणायचं, नाही मिळाला की ओरडायचं.

खिडकीच्या आतून वेगळंच दिसतं. लाखांचा पत्रा रॅकवर पडून असतो आणि लाइन उभी असते एका सर्क्लिपसाठी, म्हणजे खाचेत बसणाऱ्या छोट्या कडीसाठी, जिची किंमत चहापेक्षा कमी. डिझाइन बदललं म्हणून कायमचे बाद झालेले भाग वहीत मात्र अजून 'चांगला माल' म्हणून नांदत असतात. बिनकार्डावर, म्हणजे रॅकजवळच्या नोंदीच्या कार्डावर, एक आकडा, कॉम्प्युटरवर दुसरा, रॅकवर तिसरा. रबराचे सील आणि रंगाचे डबे यांना मुदत असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ती मुदत छापील तारखेची वाट पाहत नाही. जुना माल आधी काढा हा नियम भिंतीवर लिहिलेला असतो. पण नवा माल पुढे रचला असेल तर मागचा कोण ओढून काढणार? मालकाचा पैसा कुठे अडकतो, हे मला कोणत्याही मीटिंगपेक्षा त्या रॅकमधल्या गल्ल्यांत जास्त कळलं. पुढे मॅनेजर म्हणून मी जे निर्णय घेतले, त्यांतले बरेचसे मुळात स्टोअरकीपरचे होते.

मग काही काळ मेंटेनन्स. तिथे शिकलो ते वीजबिल वाचायला. सगळ्या भट्ट्या एकाच वेळी तापवल्या की कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेला विजेचा सर्वांत मोठा भार, वर जाते आणि तिचा भुर्दंड महिनाभर बिलात दिसतो. भट्ट्या पुढेमागे सुरू करायला पैसा लागत नाही, फक्त दोन शिफ्ट इनचार्जनी एकमेकांशी बोलावं लागतं. ते जास्त अवघड असतं, हा भाग सोडा.

मशीनची एकूण कार्यक्षमता, म्हणजे ओईई, हल्ली प्रत्येक बोर्डावर लिहिलेली असते. मशीन किती वेळ चालू राहिलं, किती वेगाने चाललं, किती माल चांगला निघाला, या तिघांचा तो गुणाकार. तिन्ही आकडे 90 टक्के असले तरी उत्तर 73च्या आसपास येतं. प्रॉडक्शनवाला वेग बघतो, मेंटेनन्सवाला वेळ, क्वालिटीवाला चांगला माल, आणि तिघेही आपापल्या 90 टक्क्यांवर खूश असतात. उरलेले 27 टक्के कोणाच्याच खात्यात नसतात. मॅनेजरचा पगार त्यासाठी.

बाजूच्या खात्यातून वर येणं ही नागपूरला नवी गोष्ट नाही. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू केली. तिचा कारभार त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे सोपवला, आणि हे गृहस्थ आले होते रेल्वेच्या माल वाहतूक खात्यातून. त्याच मिलने 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला.

एमबीएबद्दल माझं मत विचारलंत तर, घाई नको. जमाखर्च वाचता आला पाहिजे हे खरं, पण तो कंपनीच्या अकाउंटंटजवळ संध्याकाळी बसूनही शिकता येतो. कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत ते हजेरीचं पंचांग. आपले निम्मे ऑपरेटर हिंगणा, काटोल, कळमेश्वरच्या गावांतून येतात आणि घरी शेती असते. जूनचा पहिला पाऊस पडला की पेरणी. पोळ्याला सुट्टी घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यालाही येत नाही, आणि शहरातला असेल तर मारबतीच्या मिरवणुकीत सापडतो. त्या आठवड्यात मोठी डिस्पॅच कबूल करून नंतर दांडीबहाद्दरांवर चिडणारे मॅनेजर मी पाहिले आहेत. कॅलेंडर तर त्यांच्याही टेबलावर होतं.

आता शेवटचं, जे कोणी विचारत नाही. 'फॅक्टरी मॅनेजर' हा नुसता हुद्दा नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात कारखान्याचा मॅनेजर कोण, हे नाव घालून सरकारला कळवावं लागायचं, आणि कायदा मोडला तर भोगवटादाराच्या, म्हणजे बहुधा एखाद्या संचालकाच्या, जोडीने मॅनेजरही जबाबदार असायचा. शिक्षा होती दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आता कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची आणि आरोग्याची 2020 ची नवी संहिता आहे, ती स्वतः वाचा, एचआरवर सोडू नका. प्रेसवरचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेला आडोसा, कामगाराने वेग वाढवायला काढून ठेवलं आणि त्याचं बोट गेलं, तर चौकशीत पहिलं नाव तुमचं निघतं.

म्हणून नाव लावू देण्याआधी मालकाला एक विचारा: कोणाला न विचारता मी किती रुपयांचा खर्च करू शकतो? गार्ड बसवायला, गळका व्हॉल्व्ह बदलायला, मशीन थांबवून ठेवायला. "तुम्ही सांगा, आम्ही बघू" असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. मलाही तेच मिळालं होतं. मी रकमेचा आकडा टाकून पत्र मागितलं, ते यायला बराच वेळ लागला, आणि तोवर मी प्रॉडक्शन इनचार्ज म्हणूनच सही करत राहिलो.