कपाटातला गुलाबी झगा

वसईत आमच्या चर्चमध्ये फादरांच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, झग्यांना इस्त्री करायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. हिरवा झगा गळ्यापाशी विरलाय, कारण वर्षातले निम्म्याहून जास्त रविवार तोच. जांभळा आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, आणि उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या. पांढरा नाताळ-ईस्टरचा. त्याचं जरीकाम चुरगळू नये म्हणून तो उलटा करून, वर सुती कापड टाकून इस्त्री फिरवायची.

माझा लाडका मात्र गुलाबी. वर्षातून दोनदाच बाहेर येतो: आगमनकाळाचा तिसरा रविवार आणि उपवासकाळाचा चौथा. पश्चात्तापाच्या जांभळ्या दिवसांत मध्येच 'जरा हसा, सण जवळ आलाय' असं सांगणारा. उरलेलं वर्ष डांबराच्या गोळ्यांच्या वासात. वेदीसेवक पोरं फादरांना गुलाबीत बघून अजूनही खुसखुसतात.

लाल म्हणजे आग आणि रक्त. पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, त्याच्या ज्वाला, हुतात्म्यांच्या सणाला त्यांचं रक्त. संत गोन्सालो गार्सिया तर आमच्या वसईचेच, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले. त्यांच्या मिस्साला लाल झगा मी दोनदा तपासते.

गुड फ्रायडेलाही लालच. पण आजीला ते कधी पटलं नाही. तिच्या तरुणपणी त्या दिवशी काळा असायचा. १९७०च्या नव्या मिस्साग्रंथानंतर लाल आला. "मयताच्या दिवशी लाल कुणी घालतं का गं?" असं ती दरवर्षी विचारायची. मी दरवर्षी समजावून सांगायचे आणि ती दरवर्षी मान हलवून काळं लुगडं नेसून निघायची.