सुमित्रा भावेंच्या पिक्चरला पैसे कोण द्यायचं?

इंडिपेंडंट सिनेमाचा विषय निघाला की लोक हमखास कान, व्हेनिस, फॉरेनचे फंड यावरच येतात, आणि मला दर वेळी वाटतं की अरे, पुण्यात राहून एका बाईंनी 35 वर्षं स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शन करून डझनभराहून जास्त फीचर फिल्म्स काढल्या, शॉर्ट फिल्म्स तर वेगळ्याच, त्यांच्याबद्दल कधी बोलणार आपण? सुमित्रा भावे. नाव सगळ्यांना माहितीये हो, पण पिक्चर किती पाहिलेत विचारलं की 'दहावी फ' आणि मग शांतता. (दहावी फ पण बऱ्याच जणांनी शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून पाहिलेला असतो, थिएटरात नाही.)

मुळात बाई सिनेमावाल्या नव्हत्याच. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) शिकलेल्या, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवायच्या, वस्तीतल्या बायकांवर रिसर्च चालला होता. त्याच कामातून दलित बायकांच्या आत्मकथा जमल्या, ज्यांचं पुढे पुस्तक झालं, 'पॅन ऑन फायर' नावाचं, इंग्रजीत. आता गंमत बघा, ज्या बायकांनी आपलं आयुष्य सांगितलं त्यांना त्यातलं अक्षर वाचता येणार नाही. मग हे त्यांच्यापर्यंत परत न्यायचं कसं, तर पिक्चर काढून. म्हणून 1985 मध्ये 'बाई' नावाची शॉर्ट फिल्म केली, तेव्हा वय बेचाळीस, कॅमेऱ्याचं शिक्षण शून्य, आणि तिला डायरेक्ट नॅशनल अवॉर्ड. आपल्याकडे तिशी उलटली की 'आता काय नवीन करणार' म्हणून लोक हातपाय गाळतात.

सुनील सुकथनकर तेव्हापासून सोबत. ते एफटीआयआयमध्ये, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, दिग्दर्शन शिकलेले, पुढे दोघांनी मिळून डिरेक्ट केलं, बरीच गाणी सुनीलनी लिहिली, पण स्क्रिप्ट बाईंची. 1995 चा 'दोघी' पहिला मोठा पिक्चर. लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, घर कोसळतं, आणि मग थोरली बहीण मुंबईला जाऊन धंदा करते आणि तिच्या पैशावर गावाकडचं घर चालतं. पैसा चालतो, पोरगी नाही चालत. उत्तरा बावकरांनी केलेली आई बघताना राग कोणावर काढायचा तेच कळत नाही, कारण तिलाही वाईट ठरवायची सोय बाईंनी ठेवलेली नाही.

पण मला लिहायचं होतं ते पैशाबद्दल. त्यांचे प्रोड्युसर बघा एकदा. मुंबईतले फायनान्सर, स्टुडिओ वगैरे फारसं नाहीच. 'देवराई'च्या मागे स्किझोफ्रेनियावर काम करणारी मंडळी. 'नितळ' कोडावर, त्याच्या निर्मात्या डॉ. माया तुळपुळे, म्हणजे कोड असलेल्यांसाठीची श्वेता असोसिएशन चालवणाऱ्या डॉक्टर. 'कासव' आणि 'दिठी'ला डॉ. मोहन आगाशे, ते स्वतः सायकियाट्रिस्ट. म्हणजे ज्यांना तो विषय लोकांपर्यंत जायला हवा होता त्यांनीच खिशात हात घातला. धंद्याच्या हिशोबात हे मॉडेल कुठेच बसत नाही, पण पस्तीस वर्षं चाललं ना.

यात धोका काय, तर पिक्चरचं पोस्टर होतं. 'आजाराची लक्षणे ओळखा' टाइप. आणि खरं सांगायचं तर त्यांचे काही पिक्चर तिकडे झुकतातच, 'एक कप च्या' मला माहितीच्या अधिकाराचं शिबिर वाटलं अधूनमधून, किशोर कदम कितीही गोड असला तरी. पण जिथे जमलंय तिथे अफाट जमलंय, आणि ते जमतं लिखाणामुळे.

'अस्तु'च घ्या. संस्कृतचे प्रकांड पंडित चक्रपाणि शास्त्री, अल्झायमर झालाय. मुलगी त्यांना गाडीत बसवून दोन मिनिटांसाठी उतरते, तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो आणि आजोबा लहान पोरासारखे हत्तीमागे चालू पडतात. इथून साध्या लेखकाने शोधाशोधीचा पिक्चर केला असता. बाईंनी त्यांना माहुताच्या बायकोच्या हातात दिलं. चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, कानडी बोलणारी, जिच्याच घरात खायचे वांधे आहेत. आजोबा तिला आई म्हणायला लागतात. आणि ती 'अहो मी आई नाही' वगैरे काही करत नाही, सरळ आई होते, अल्झायमर हा शब्द तिला माहितीच नाही त्यामुळे तिची काही अडचणच होत नाही. इकडे शिकलेली, जीव तोडून करणारी मुलगी पार पिचून गेलीये, पण पिक्चर तिलाही गुन्हेगार करत नाही. ज्याच्या घरी असं माणूस सांभाळलंय त्याला कळेल हे किती अवघड लिखाण आहे. अमृताला आणि बाईंच्या संवादांना, दोन्हीला नॅशनल अवॉर्ड मिळालं. पिक्चर 2013 चा, थिएटरात यायला 2016 उजाडलं. घ्या.

'कासव'चं तर त्याहून भारी. 2016 चं सुवर्णकमळ, म्हणजे देशातला बेस्ट पिक्चर, श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट आणि मग हा, मराठीत एवढेच. त्यात जानकी (इरावती हर्षे) स्वतः डिप्रेशनमधून बाहेर येत असते, तिला रस्त्यात एक आजारी पोरगा सापडतो, ती त्याला कोकणातल्या घरी आणते आणि त्याला काही विचारतच नाही. नाव नाही, गाव नाही, हातावरची जखम कसली ते नाही. जेवण देते आणि बाजूला होते. आपल्याकडे अशा पोराला पहिले तीन शेजारी येऊन लेक्चर देऊन गेले असते. मला वाटतं हे रिसर्चवाल्या माणसालाच सुचतं, ज्याने वर्षानुवर्षं समोरच्याचं नुसतं ऐकून घेतलंय. बरं, एवढं सुवर्णकमळ मिळूनसुद्धा ऑक्टोबर 2017 मध्ये रिलीज झाला तेव्हा आमच्याकडे शो होता दुपारी, वर्किंग डेला. कोण जाणार?

शेवटचा 'दिठी', दि. बा. मोकाशींच्या कथेवर. पोटचा पोरगा पुरात गेलेला वारकरी लोहार, विठ्ठलावर भयंकर चिडलेला, आणि पावसाच्या रात्री त्याला बोलावणं येतं की गाय अडलीये, चल. तो 21 मे 2021 ला सोनी लिव्हवर आला, बाई 19 एप्रिललाच गेल्या. त्यांनी स्वतः कधी मोठ्या पडद्यावर तोंड दाखवायची हौस केली नाही, पण चैतन्य ताम्हाणेच्या 'द डिसायपल'मध्ये गाण्यावर बोलणाऱ्या माईंचा तो आवाज त्यांचाच आहे, हेडफोनवर ऐकत हिरो रात्री बाईक चालवतो ना, तो. तो पिक्चर नेटफ्लिक्सवर आला 30 एप्रिलला. म्हणजे बऱ्याच लोकांनी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तोपर्यंत त्या नव्हत्या.

आता कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर अवॉर्ड बघून 'कासव'ने करू नका, तो संथ आहे, आधी 'अस्तु' बघा, मग 'देवराई', मग 'दोघी' मिळेल त्या प्रिंटमध्ये. 'संहिता' गाण्यांसाठी, आरती अंकलीकरांना त्यासाठी नॅशनल अवॉर्ड आहे. 'एक कप च्या' शेवटी ठेवा. आणि 'वास्तुपुरुष'ची चांगली कॉपी कुठे ऑनलाइन दिसली तर खाली कमेंटमध्ये टाका प्लीज, मी कधीची शोधतेय.