जॅम रूमवर जिवंत, घरी मरगळलेला

नारायण पेठेतल्या माझ्या दुकानात ॲम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड असं सगळं दुरुस्तीला येतं. गिटारचे इफेक्ट, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे पायाखालचे छोटे पेडल, त्या मानाने कमी. आले तरी बहुतेकांचा जॅक सैल झालेला असतो, नाहीतर पायाखालचा स्विच गेलेला. त्या दिवशी लोहगावचा एक मुलगा जांभळ्या रंगाचा जुना फ्लँजर घेऊन आला, तेव्हा मला तेच वाटलं. पण त्याची तक्रार ऐकून मी हातातलं काम खाली ठेवलं.

"दादा, कोथरूडला जॅम रूमवर, बँडच्या सरावाच्या जागी, हा एकदम जबरदस्त वाजतो. घरी नेला की मरगळतो. तीच गिटार, तीच केबल. ॲम्पसुद्धा उचलून घरी नेऊन बघितला."

फ्लँजर होता बॉसचा बीएफ-२. हे मॉडेल १९८० साली आलं आणि पुढे वीसेक वर्षं बनत राहिलं. हा जपानी बनावटीचा, त्याच्या मामांचा. मामा मर्चंट नेव्हीत होते आणि तिकडच्याच एका बंदरात त्यांनी तो घेतला होता. मुलाकडे मामांच्या कॉलेजच्या बँडची एक कॅसेट होती. त्यातला आवाज त्याला हवा होता. तो मिळेना म्हणून त्याने नवा डिजिटल फ्लँजरही विकत घेतला होता, दोन्ही एकाच पिशवीत. 'जुन्यातली चिप म्हातारी झाली, आता काढून टाक,' असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. असं कुणी सांगितलं की मला राग येतो. आधी मोजावं, मग निकाल द्यावा.

फ्लँजर करतो काय, ते आधी सांगतो. आलेल्या आवाजाची एक प्रत काढून ती किंचित उशिरा मूळ आवाजात मिसळतो. उशीर एक हजारांश सेकंदाचा असेल तर ५०० हर्ट्झला दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात, मग १५०० ला, २५०० ला, अशा ठरावीक अंतराने आवाजात खाचा पडत जातात. उशीर पाच हजारांश केला की पहिली खाच १०० हर्ट्झवर येते आणि खाचा दाट होतात. हा उशीर सतत कमीजास्त होत राहिला की खाचा वरखाली सरकतात आणि तो 'शूऽऽ' असा घुमत जाणारा आवाज येतो. लोहगावकरांना हा वेगळा समजवावा लागत नाही. हवाई दलाच्या तळावरून विमान उडतं, तेव्हा त्याचा आवाज थेट येतो आणि जमिनीवर आपटून थोडा उशिराही येतो. विमान सरकतं तसा तो उशीर बदलत जातो. फ्लँजरमागचं गणित तेच.

सुरुवातीला स्टुडिओत हे दोन टेप रेकॉर्डर एकदम चालवून, एकाच्या रिळाच्या कडेवर बोट टेकवून करत. पुढे ते पायाखालच्या डबीत मावलं ते बकेट ब्रिगेड चिपमुळे. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी १९६९ मध्ये ती कल्पना मांडली. आत कपॅसिटरची लांब रांग असते. टँकर आल्यावर रांग लावून हंडे हातोहात पुढे देतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकत जातो. बीएफ-२ मध्ये एमएन३२०७ ही चिप आहे, १०२४ टप्प्यांची. सरकवण्याचा ठेका देणारं घड्याळ ज्या वेगाने चालतं त्यावर उशीर ठरतो: टप्प्यांची निम्मी संख्या भागिले घड्याळाची वारंवारता. १०० किलोहर्ट्झला ५.१२ हजारांश सेकंद, ४० ला जवळपास १३.

आता तक्रारीकडे. मी त्याचा ॲडॉप्टर लावला. आजकाल सगळे वापरतात तो नऊ व्होल्टचा, रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज एका पातळीवर धरून ठेवणारा. लाल दिवा पेटला, पण मंद. आवाज बुळबुळीत, घुमाव नावालाच, मोठ्याने तार छेडली की थोडा फाटायचा. आत नऊ व्होल्टची नवी बॅटरी टाकली, ॲडॉप्टर काढला. दिवा लख्ख. आणि आवाज असा उठला की तो मुलगा स्टुलावरून उभाच राहिला.

म्हणजे चिप ठणठणीत होती. घोळ विजेच्या वाटेत होता. मल्टिमीटर लावला: ॲडॉप्टर नऊ देतोय, आणि सर्किटला पोचतायत सहाच्या आसपास. खालचं झाकण उघडल्यावर उलगडा झाला. त्या काळातले हे पेडल बारा व्होल्टच्या, रेग्युलेशन नसलेल्या एसीए ॲडॉप्टरसाठी बनवलेले होते. जादा व्होल्टेज आतच उतरावं म्हणून ॲडॉप्टरचं ऋण टोक आणि सर्किटचं ग्राउंड (प्रवाहाची परतीची वाट) यांच्यामध्ये एक डायोड आणि एक रेझिस्टर घातलेला असतो. बारा देणाऱ्यासाठी ते बरोबर आहे. नऊवाला लावला की नऊमधूनच वजाबाकी होते. बॅटरीच्या वाटेत ही जोडी येत नाही. व्होल्टेज घसरलं की बकेट ब्रिगेडच्या इनपुटचा बायस, म्हणजे आवाजाची लाट ज्या स्थिर व्होल्टेजभोवती वरखाली होते ते, जागेवरून हलतो. तो बायस ठीक मध्यावर असेल तरच आवाज स्वच्छ पलीकडे जातो, हलला की फाटतो किंवा दबतो.

पण मग जॅम रूमवर काय होत होतं? मी विचारलं, "तिथे वीज कशी देतोस?"

"तिथे एकाच ॲडॉप्टरच्या माळेवर सगळे पेडल असतात."

हे ऐकलं आणि मला खरोखर आनंद झाला. माळेतल्या नव्या पेडलमध्ये ॲडॉप्टरचं ऋण टोक थेट ग्राउंडला जोडलेलं असतं. पेडल एकमेकांना पॅच केबलने जोडले की केबलच्या बाहेरच्या जाळीतून सगळ्यांची ग्राउंड एक होतात. मग बीएफ-२ चा प्रवाह त्या रेझिस्टरमधून जातच नाही, शेजाऱ्याच्या वाटेने परततो. त्याला पूर्ण नऊ व्होल्ट मिळतात. घरी तो एकटा असायचा. त्याचाच नवा फ्लँजर मी तशीच माळ करून शेजारी लावून दाखवला. मंद दिवा डोळ्यांदेखत तेजाळला. कितीतरी जुने पेडल याच कारणाने 'गेले' म्हणून कपाटात पडलेले असतील.

मामांना फोन लावला. कॅसेटच्या वेळी वीज कुठून घेत होता, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, "अरे, जपानी ॲडॉप्टर शंभर व्होल्टचा होता. इथे भिंतीत लावला आणि जळला. नंतर आम्ही बॅटरीवरच वाजवलं." म्हणजे कॅसेटमधला आवाज हा बॅटरीवरचा, पूर्ण नऊ व्होल्टचा. सगळं जुळलं.

दुपार झाली होती, पण मला आता जुना आणि नवा एकमेकांशेजारी ऐकायचेच होते. मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, ॲम्पचा आवाज सारखा ठेवला आणि मी बदलत गेलो. सुरुवातीला त्याने प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. जुना मऊ, नवा धारदार. यात वयाची जादू नाही. बकेट ब्रिगेडमध्ये घड्याळाची कुई ऐकू येऊ नये म्हणून चिपच्या आधी आणि नंतर फिल्टर असतात, आणि ते उशिरा येणाऱ्या प्रतीतला चरचरीतपणा छाटतात. प्रतीत वरचे स्वर कमी असले की वरच्या खाचा उथळ पडतात. मूळ आणि प्रत समान पातळीला असतील तरच खाच तळापर्यंत जाते. डिजिटलमध्ये प्रत पूर्ण तेजाने येते, म्हणून अगदी वरपर्यंत खोल खाचा, आणि कानाला धातूसारखी झळ.

मग नव्याचा रेझोनन्स (घुमाव टोकदार करणारा नॉब) उतरवला, डेप्थ (खाचा किती सरकतात ते) थोडी कमी केली, ॲम्पचा ट्रेबल जरा मागे घेतला. आता तो चुकायला लागला. स्वच्छ, हलक्या कॉर्डवर तर मलाही खात्रीने सांगता येईना. पण फ्लँजरच्या आधी डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावून, रेट, म्हणजे खाचा सरकण्याचा वेग, अगदी मंद ठेवल्यावर मात्र जुना पुन्हा वेगळा उठून दिसला. डिस्टॉर्शनने वरचे स्वर भरपूर तयार होतात, त्यामुळे खाच कुठून कुठे सरकते ते स्पष्ट ऐकू येतं. जुन्याचा झोत खाली रेंगाळायचा आणि मग वर चढायचा. नव्याचा झोत सरळ, इस्त्री केलेला. मला जुना जास्त आवडला, हे मोकळेपणाने सांगतो. मात्र जुन्यात पार्श्वभूमीला खरखर आहे, रेकॉर्डिंगच्या शांत जागी ती सलते, आणि तिथे नवाच घ्यावा. शिवाय नवे डिजिटल फ्लँजर मूळ आवाजालाही थोडा उशीर देऊन टेपसारखं शून्याच्या पलीकडे जाऊ शकतात. साध्या बकेट ब्रिगेड पेडलला ते जमत नाही, कारण त्याचा उशीर कधी शून्य होतच नाही.

दुरुस्ती म्हणाल तर दहा मिनिटांची. रेझिस्टर आणि डायोड न काढता त्यांच्यावरून एक छोटी तार सोल्डर केली, म्हणजे पुढे कुणाला मूळ स्थिती हवी असेल तर नुसती तार काढायची. बायस जुळवायचा आतला छोटा स्क्रू, म्हणजे ट्रिमर, त्याला हात लावला नाही. लाट पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपवर बायस मध्यावरच दिसत होता. जुना बारावाला ॲडॉप्टर आता यात चालणार नाही, म्हणून तळाला चिठ्ठी चिकटवली: 'फक्त ९ व्होल्ट, रेग्युलेटेड'. एक सुटी बॅटरी क्लिपही दिली, कारण मामा सुट्टीत येणार आहेत आणि ते बॅटरीच लावतील.

मुलाने नवा फ्लँजर विकायचा बेत सोडला. रेकॉर्डिंगला नवा, स्टेजवर डिस्टॉर्शनच्या मागे जुना, असं त्याने तिथेच ठरवलं, आणि नव्याच्या नॉब कुठे ठेवल्या होत्या त्याचा फोटो काढून घेतला.