माझा एच-इंडेक्स आणि दातांच्या डॉक्टर

"मॅडम, तुमचा एच-इंडेक्सचा रकाना रिकामा आहे." बढतीची फाईल दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या क्लार्कचा फोन.

वीस वर्षं मी पुरातत्त्वाच्या कामासाठी घोड आणि भीमेच्या काठानं हिंडतेय. गावकरी ज्याला पांढर म्हणतात त्या जुन्या वस्त्यांच्या टेकाडांवर खापरं वेचायची, धुवायची, सावलीत वाळवायची, एकेकावर शाईनं बारीक नंबर घालायचा. रकान्याचा विचार कधी केला नव्हता.

एका विद्यार्थ्यानं पूर्वी माझं गूगल स्कॉलरवर (कुणाचा लेख किती वेळा उद्धृत झाला ते मोजणारी साईट) प्रोफाईल करून दिलं होतं, लेख आपोआप जमा होण्याची सोय चालू ठेवून. उघडलं तर एच-इंडेक्स ११! म्हणजे प्रत्येकी किमान ११ वेळा उद्धृत झालेले माझे ११ लेख. हा आकडा काढायची युक्ती होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली सुचवली. पाच मिनिटं मला ती फारच आवडली.

मग यादी वाचली. वरचे लेख दातांवरचे. घोडेकाठच्या इनामगावला उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांच्या दातांवर चांगला अभ्यास झालाय, त्यामुळे पहिला लेख क्षणभर आपल्यातलाच वाटला. दुसरा रूट कॅनॉलचा निघाला. माझंच आडनाव आणि तेच आद्याक्षर असलेल्या कुणा दंतवैद्यक बाईंची सगळी मेहनत माझ्या खात्यावर जमा होती.

एकेक खूण करून त्यांचे लेख काढले. एच-इंडेक्स ४.

उलटा घोळही होताच. लग्नाआधीच्या नावानं लिहिलेले लेख वेगळे, नंतरचे वेगळे, आणि एका संपादकांनी वडिलांच्या नावालाच आडनाव केलेलं. एकच लेख दोनदा दिसत होता, एकीकडे ४ उद्धरणं, दुसरीकडे ३. दोन्ही नोंदी एकत्र केल्यावर ६ झाली (एक दोन्हीकडे मोजलेलं होतं) आणि एच-इंडेक्स ५ वर चढला. ऑर्किडचा (ORCID, नाव बदललं तरी संशोधकाची ओळख तीच ठेवणारा) सोळा आकडी क्रमांकही त्याच दिवशी घेतला. हे नोकरी लागल्याच दिवशी करायला हवं होतं.

खरी चिडचिड उत्खनन अहवालानं झाली. इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं, अहवाल १९८८ ला आला. आमच्या धंद्यात हा वेग रीतीला धरूनच आहे. आमच्या स्वतःच्या उत्खननाच्या अहवालात मृद्‌भांड्यांचं प्रकरण आणि त्यातली रेखाटनं माझी; चार उन्हाळे गेले त्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतल्या गुणांच्या तक्त्यात मात्र उत्खनन अहवालाची ओळच नाही. पुस्तक म्हणून दाखवला. राष्ट्रीय प्रकाशकाला १० गुण, पण लेखक दोनाहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. माझं नाव पाचवं. चार उन्हाळ्यांचे ३ गुण.

फाईलला पुरावा लागतो, म्हणून सर्वाधिक उद्धृत झालेल्या माझ्या लेखाची सतराही उद्धरणं उघडून वाचली. एरवी कोण वाचतं? बहुतेकांनी एका वाक्यात उरकलेलं: जोर्वे पद्धतीची (ताम्रपाषाण काळातली) मृद्‌भांडी या भागातही मिळतात, कंसात माझं नाव. तिघांनी मात्र माझा स्थळांचा तक्ता जसाच्या तसा उचलला होता. त्यात सहावी ओळ बघताना माझ्या पोटात खड्डा पडला. ते टेकाड मी नदीच्या डाव्या काठावर दाखवलं होतं. आहे ते उजव्या. माझ्या क्षेत्रवहीत बरोबर आहे, टाईप करताना चुकलं. एका लेखात तर त्याच चुकीवरून डाव्या काठावर वस्त्या जास्त होत्या असा निष्कर्षही निघाला होता.

म्हणजे माझी चूक तीन ठिकाणी उद्धृत, आणि तिन्ही माझ्या एच-इंडेक्समध्ये जमा.

मी रकान्यात ५ लिहिलं. संपादकांना दुरुस्तीपत्र पाठवलं, ते छापूनही आलं, आणि त्याची प्रत फाईलला जोडायला घेऊन गेले. क्लार्कनं तक्त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

"मॅडम, हे कशात धरू?"

"नका धरू," म्हटलं, "नुसतं लावून ठेवा."