भवानी झाली साडेअकराला

दोन दिवस मुंबई कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या जत्रेत, माझ्या चित्रांचं टेबल लावून काल रात्री घरी आले. पाय अजून माझे वाटत नाहीयेत.

ज्या ड्रॅगनच्या ए-थ्री प्रिंट्सवर मी दोन महिने घातले, त्या लोक हातात घेत, ‘कसली भारी आहे!’ म्हणत आणि अलगद परत ठेवत. बरोबरच आहे. चारशे रुपये द्यायचे, वर ती गुंडाळी सांभाळत गर्दीतून फिरायचं! खपलं काय, तर आदल्या आठवड्यात सहज काढलेलं पन्नास रुपयांचं स्टिकर. पिंपळाला उलटा लटकलेला वेताळ, खाली ‘निघालोच, पाच मिनिटं’. साठच छापले होते (माझीच अक्कल), शनिवारी चार वाजता संपले. मग रात्री घरी पुन्हा छपाई. कटर मशीनचं ब्लेड बोथट, म्हणून सगळं हाताने कापलं. आई मोजून पाकिटात भरत होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, ‘पण हे चिकटवतात कुठे?’

रविवारी शिंगंबिंगं लावलेला एक पोरगा आला. पाठीवर फोमची तलवार, चिलखतामुळे हात खिशापर्यंत पोचेना. मागे दोन पिशव्या आणि पाण्याची बाटली धरून त्याचे बाबा. क्यूआर त्यांनीच स्कॅन केला. चार पावलं गेले, परत आले. ‘वेताळ अजून एक द्या. माझ्या डब्याला लावतो.’

टेबलाचं भाडं सुटलं, छपाई सुटली, वर नवीन ब्लेडपुरते उरले. ड्रॅगन सगळे पलंगाखाली.