धूर ओढणी, टप्पा दुसरा: कूलरशी जमवून घेताना

सोल्डरिंग करताना निघणारा धूर खेचून घेणारी टेबलावरची धूर ओढणी आता बऱ्यापैकी जमली. आधी १२० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा आणि त्यावर कार्बनचा काळा स्पंज एवढंच होतं. वास कमी व्हायचा. पण फ्लक्सच्या (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात त्या राळेच्या) धुरातले कण बहुतेक एक मायक्रॉनहून बारीक, ते त्या स्पंजातून आरामात पार होतात.

सोल्डरमधल्या शिशाची भीती सगळ्यांना असते, पण ते १७४९ अंशांना उकळतं. आपल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे वर येतो तो धूर राळेचा, आणि त्यानेच दमा जडू शकतो. एकदा का शरीराला त्याचं वावडं झालं, की जरासा धूरही पुरतो. लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचं सोल्डर वापरूनही सुटका नाही, टोक उलट जास्त तापवावं लागतं. शिसं पोटात जातं ते बोटांवरून, तेव्हा भरिताला हात लावण्याआधी साबण.

फिल्टरचा नाद सोडून धूर घराबाहेरच काढायचा ठरवला. जळगावात पीव्हीसी पाइपाला काय तोटा! ११० मिमीचा पाइप खिडकीपर्यंत नेला, वळणावर नव्वदच्या एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन. साधा पंखा एवढ्या लांबीत दमतो, म्हणून ब्लोअर बसवला. शेवटी लवचिक नळी, कारण तोंडापासून व्यासाइतकं लांब गेलं की ओढ जेमतेम दहावा हिस्सा उरते. नळी बोर्डाला जवळजवळ खेटूनच हवी.

खरी डोकेदुखी कूलरची. मे महिन्यात तो बंद ठेवून इथे कोण बसणार? आणि त्याचा झोत टेबलावर आला की धूर नळी सोडून थेट नाकात. मग झोत समोरच्या भिंतीकडे वळवला. कूलर पश्चिमेच्या खिडकीत आहे, म्हणून पाइपाचं तोंड पूर्वेला काढलं. एकाच बाजूला ठेवलं असतं तर काढलेला धूर कूलरनेच परत आत आणला असता, शिवाय उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा पाइपात घुसला असता. आता कूलर बाहेरची हवा आत रेटतो, त्या दाबाचा ब्लोअरला फायदाच होतो. बाकीच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवतो, नाहीतर खोली दमट होते.

कूलर फुल्ल ठेवून अगरबत्ती लावून पाहिली. चार बोटांवरून धुराची रेघ सरळ नळीत जाते, वीतभर अंतरावर फाटते.

आता राहिला ब्लोअरचा आवाज. बुडाला रबरी वॉशर टाकतोय. डीसी ब्लोअरचा वेग कमी करायला कुणी पीडब्ल्यूएम (वीज झपाझप चालू-बंद करणारा कंट्रोलर) लावला असेल तर त्याची शिट्टी कोणत्या फ्रिक्वेन्सीला थांबली ते कळवा.